नववी ते बारावीच्या मुलांसाठी शनिवारच्या गप्पा कशा सुरू करायच्या

गेली सात वर्षं मी आमच्या शाळेत महिन्यातले दोन शनिवार नववी ते बारावीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम चालवते. शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली, पाचवी ते बारावी एकाच इमारतीत. कार्यक्रम म्हणजे काय तर कुणीतरी पाहुणा येतो, पंचवीस मिनिटं बोलतो, मुलं प्रश्न विचारतात आणि मग सगळे मिळून भेळ करतात, खातात आणि पाऊण तास नुसते एकत्र बसतात. एवढंच. आजूबाजूच्या दोन-तीन शाळांमधल्या शिक्षकांनी विचारलं की हे कसं करता ते नीट लिहून द्या, म्हणून लिहायला बसले तर बरंच निघालं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. माझ्यासाठी व्याख्यान हे निमित्त आहे, भेळेचा पाऊण तास हा खरा कार्यक्रम. पहिली दोन वर्षं मला हे कळलंच नव्हतं, मी चांगले वक्ते शोधत फिरायचे आणि जास्त मुलं का येत नाहीत म्हणून खट्टू व्हायचे.

आपल्याकडे व्याख्यान ऐकायची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि त्यानंतर गावोगाव व्याख्यानमाला निघाल्या, आमच्या गावातही गणपतीत आणि नवरात्रात अजून होतात. पण तिथे समोर कोण बसतं ते बघा. पन्नाशीच्या पुढचे लोक आणि रांगेत आणून बसवलेली शाळेची पोरं. त्या पोरांना कुणी विचारलेलं नसतं की तुम्हाला काय ऐकायचंय. आणि पंधरा ते सतरा वयाच्या मुलांना गावात आपली अशी जागाच नसते हो. लहान पोरं गल्लीत खेळतात, मोठी माणसं पारावर नाहीतर टपरीवर बसतात, ही मधली मुलं सकाळी क्लास, मग शाळा, मग परत क्लास, आणि उरलेल्या वेळात मोबाईल. मुलांना निदान मैदान तरी आहे, मुलींना तर घर-शाळा-घर याशिवाय काही नाही. मैत्रिणीकडे जाते म्हटलं तरी दहा प्रश्न. म्हणून शाळेच्याच आवारात, घरच्यांचा विश्वास असलेल्या जागी, दोन तास नुसतं माणसांत बसायला मिळणं ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट असते, आणि हे मला एका अकरावीतल्या मुलीने सांगितलं, मी शोधून काढलेलं नाही.

आधी एसटी बघा, मग पाहुणा

लोक आधी पाहुणा ठरवतात आणि मग वेळ. उलटं करा. तुमची निम्मी मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येत असतील तर त्यांच्या गाडीची वेळ हीच तुमची वेळ. रविवारी ठेवायचा मोह होतो पण ठेवू नका, शाळेच्या टायमाची फेरी रविवारी नसते आणि मुली तर नक्कीच गळतात. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटते आणि पुढची गाडी दोनला आहे. म्हणजे मुलं तशीही अडीच तास स्टँडवर नाहीतर शाळेच्या पायरीवर बसलेली असायची! तोच वेळ घेतला.

साडेअकरा ते बारा डबा खायचा. हे आम्ही तिसऱ्या वर्षी सुरू केलं, त्याआधी शाळा सुटली की लगेच पाहुण्यासमोर बसवायचो आणि सकाळी सहाला चहा-चपाती खाऊन निघालेली पोरं साडेबाराला पेंगायला लागायची, मला वाटायचं विषय कंटाळवाणा आहे. विषयाचं काही नव्हतं, भूक होती ती. बारा ते साडेबारा पाहुणा, साडेबारा ते एक प्रश्न, एक ते पावणेदोन भेळ, दोनची गाडी. पावणेदोनला कोण बोलत असलं तरी थांबायचं. हा नियम आम्ही चांगलाच ठेच लागल्यावर केला. शहरातून एक मोठे वक्ते आले होते, पंचवीस मिनिटं सांगितलेली, बोलले एक तास पन्नास मिनिटं. मधे थांबवायची माझी हिंमत झाली नाही, गाडी गेली, चौदा मुली अडकल्या, शेवटी दोन पालकांच्या जीप मागवून त्यांना घरी पोचवलं आणि पुढचे दोन महिने त्यातल्या नऊ मुलींना घरून परवानगी मिळाली नाही. त्या दिवसापासून एका मुलाकडे घड्याळाचं काम असतं. पाच मिनिटं उरली की तो उठून फळ्यावर ५ लिहितो, पाहुण्याला आधी सांगितलेलं असतं त्यामुळे कुणाला राग येत नाही.

जागा हॉल नको. वर्ग पण नको शक्यतो, कारण बाक आले की मागचा बाक आला. आम्ही लायब्ररीसमोरच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकतो, पाहुण्यासाठी एक खुर्ची आणि तीही मुलांच्या जवळ. पाऊस असेल तर ड्रॉइंगच्या खोलीत. माईक वापरत नाही. चाळीस मुलांना माईक कशाला लागतो, आणि माईक हातात आला की माणूस भाषण करायला लागतो हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पाहुण्याने मागितला तरी नाही म्हणते.

पाहुणा कुठून आणायचा

आपल्या गावातून. हे वाचून बऱ्याच जणांना वाटेल की मोठं नाव असल्याशिवाय मुलं येणार नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. मोठ्या नावाला मुलं एकदा येतात, सेल्फी काढतात, आणि प्रश्न विचारत नाहीत, कारण चुकीचं काही विचारलं तर हसं होईल असं वाटतं. ओळखीच्या माणसाला मात्र काहीही विचारता येतं.

आमच्याकडचा सगळ्यात गाजलेला शनिवार भूमापकाचा. भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले एक काका, त्यांनी घरातली जुनी ३३ फुटांची साखळी आणली होती, खरी लोखंडी कड्यांची. मैदानात मुलांना घेऊन गेले, साखळीने चौकोन आखला आणि म्हणाले हा एक गुंठा. मुलांनी ३३ गुणिले ३३ केलं, १०८९ चौरस फूट आले, मग ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ह्यातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची, घरात रोज गुंठ्याचे वाद ऐकणारी, पण गुंठा डोळ्यांनी पहिल्यांदा बघितला. मग एकाने विचारलं की काका, मोजणी करताना भांडण झालं तर काय करता, आणि तिथून पुढे जे सुरू झालं ते सातबारा, वाटण्या, बहिणीचा हिस्सा असं कुठल्या कुठे गेलं. एका मुलीने विचारलं, सातबाऱ्यावर आईचं नाव का नसतं? काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग अगदी सरळ, न टाळता उत्तर दिलं. पुढचा आठवडाभर मुलं घरातले सातबारे काढून बघत होती.

असे लोक प्रत्येक तालुक्याला असतात. ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर, महावितरणचा वायरमन, एसटीचे ड्रायव्हर, पशुवैद्यक, बँकेत कर्जाचे कागद बघणाऱ्या मॅडम, मधमाश्या पाळणारा, मूर्तिकार, गावात बदलून आलेल्या फौजदार मॅडम. वायरमन दादांनी हातमोजे आणि खांबावर चढताना वापरतात तो झुला आणला होता आणि खांबावर चढण्याआधी लाईन बंद आहे याची खात्री कशी करतात ते दाखवलं, तेवढ्यावर विजेच्या धड्याचे दोन तास झाले असतील. सिस्टरना मुलींनी विचारलेले प्रश्न मी इथे लिहीत नाही, पण त्या दिवशी मुलांना अर्धा तास कॅरमला पाठवलं होतं आणि मग मुलांनीच तक्रार केली की आम्हाला पण विचारायचं होतं, म्हणून पुढच्या महिन्यात पुरुष डॉक्टरांना बोलावून मुलांसाठी वेगळा अर्धा तास ठेवला. असं काही मागणं आलं तर ते लगेच पुरं करा, मुलं परत मागत नाहीत.

आणखी एक प्रकारचा पाहुणा अगदी हमखास चालतो, तो म्हणजे तुमच्याच शाळेतून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी. टॉपर नको. पहिल्या वर्षी नापास होऊन परत उभा राहिलेला, पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा, डिप्लोमा करून कंपनीत लागलेला, नर्सिंग करणारी, भरतीची तयारी सोडून दुसरं काही करणारी. मेसचे पैसे किती, रूमवर सहा जण राहतात तेव्हा अभ्यास कुठे करायचा, इंग्लिशमध्ये लेक्चर कळत नाही तेव्हा काय केलं, हे प्रश्न मुलं दुसऱ्या कुणाला विचारूच शकत नाहीत. परदेशात असलेल्यांना व्हिडिओ कॉलवर आणता येतं पण घड्याळ बघा. आपल्याकडे बारा वाजलेले असतात तेव्हा जर्मनीत शनिवारची सकाळ असते, साडेसात-साडेआठ, ते जमतं. कॅलिफोर्नियात शुक्रवारची रात्र असते, साडेदहा-साडेअकरा, तेही एखादा जागतो. कॉल पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि नेट गेलं तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.

कुणाला बोलवायचं नाही तेही सांगते. निवडणूक जवळ असलेला कुठलाही नेता. काही विकायला आलेला माणूस. आणि क्लासवाले. एका क्लासचे लोक "करिअर मार्गदर्शन" म्हणून आले, गोड बोलले, जाताना "फीडबॅक फॉर्म" म्हणून सगळ्या मुलांचे आणि पालकांचे मोबाईल नंबर लिहून घेऊन गेले. माझ्या डोळ्यांसमोर. पुढे सहा महिने आईबापांना ॲडमिशनसाठी फोन येत होते, आणि एका वडिलांनी तर त्या फोनच्या नादी लागून झेपत नसलेली फी भरली. ते मला अजून खातं. तेव्हा हजेरीचा कागद, मुलांची यादी, फॉर्म असलं काहीही पाहुण्याच्या हातात जाऊ द्यायचं नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूलच मानतो आणि पालकांची संमती मागतो, कुणी हट्ट धरला तर हे सांगा.

पाहुण्याला फोनवर काय सांगायचं

मी साधारण असं सांगते: दादा, मुलं पंधरा ते सतरा वयाची आहेत, हुशार आहेत, तुमच्या कामातलं काहीही त्यांना माहीत नाही असं धरा. पंचवीस मिनिटं. येताना कामातली एक वस्तू घेऊन या. तुमचा सगळ्यात अवघड गेलेला एक दिवस सांगा. आमच्या वेळी असं होतं आणि आजकालची मुलं तशी आहेत, हे प्लीज नको. पगार विचारतील, सांगायचा नसेल तर नाही म्हणा पण रागावू नका.

वस्तूचा आग्रह धराच. साखळी, हातमोजे, मधाचं पोळं, तिकिटाचं मशीन, काहीही. माणूस घाबरलेला असला तरी हातात वस्तू असली की आपोआप बोलता होतो, कारण रोज जे करतो तेच दाखवायचं असतं.

आणि सत्कार-बित्कार सगळं काढून टाका. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत, आभार. मी एकदा घड्याळ लावून बघितलं, सव्वीस मिनिटं. पाहुण्याच्या भाषणापेक्षा एक मिनिट जास्त! आता एक मुलगा उठून चार वाक्यांत ओळख करून देतो (ती त्याने पाहुण्याला आधी फोन करून, शाळेच्या फोनवरून, स्वतः विचारून लिहिलेली असते) आणि सुरू. आभार म्हणून दोन दिवसांनी मुलांनी हाताने लिहिलेली पत्रं एका पाकिटात घालून पाठवतो. वायरमन दादांनी ती पत्रं लॅमिनेट करून ठेवलीत. हेडमास्तरांना हे पटवायला मला एक वर्ष लागलं, तुम्हालाही लागेल, पण भांडू नका, आधी एकाच शनिवारी करून दाखवा.

प्रश्न येत नाहीत तेव्हा

"कुणाला काही प्रश्न आहेत का?" हे वाक्य बंद करा. त्याने शांतताच पसरते, मग एक सर उठतात आणि प्रश्नाच्या नावाखाली छोटं भाषण करतात. आम्ही असं करतो की पाहुण्याचं बोलून झालं की तीन मिनिटं शेजारच्याशी बोलायचं, काय कळलं नाही, काय विचारावंसं वाटतं. व्हरांड्यात एकदम गलका होतो, होऊ द्यायचा. मग जोडीने प्रश्न विचारायचा. दोघांचा प्रश्न असला की कुणाला लाज वाटत नाही, आणि पहिला प्रश्न मुलींच्या जोडीचा असा नियम आहे. आधी मला हा नियम जरा कृत्रिम वाटला होता पण पहिला प्रश्न मुलीचा आला की पुढे मुली विचारत राहतात आणि पहिले तीन मुलांचे आले की त्या गप्पच राहतात, हे सात वर्षं बघतेय. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायला एक डबा पण ठेवतो. शिक्षकांनी मागे बसायचं आणि शेवटी वेळ उरला तरच विचारायचं. मीसुद्धा.

भेळ, आणि ती का

आता मुख्य भाग. आधी आम्ही समोसे मागवायचो, मुलं आपापल्या टोळीत उभी राहून खायची आणि पाच मिनिटांत पांगायची. तयार खाऊ दिला की असंच होतं. भेळ करायची म्हटलं की काम असतं. कुणीतरी कांदा चिरायचा, कुणी टोमॅटो, कोथिंबीर निवडायची, चिंच कोळायची, चुरमुरे पाखडायचे. काम वाटताना इयत्ता आणि मुलगा-मुलगी बघत नाही, जन्माच्या महिन्याप्रमाणे बारा गट, प्रत्येक शनिवारी त्यातल्या दोन गटांकडे भेळ. त्यामुळे नववीतली एक पोरगी आणि बारावी सायन्सचा मुलगा शेजारी बसून कांदा चिरतात, दोघांच्या डोळ्यांतून पाणी, आणि तो तिला सहज सांगतो की भूमितीची प्रमेयं पाठ करू नको, आकृती काढ. हे मी वर्गात दहा वेळा सांगितलेलं असतं.

कांदा चिरायला मुलगे तयार नव्हते पहिल्यांदा. घरात कधी सुरी हातात धरलेली नाही. मी काही बोलले नाही, स्वतः चिरत बसले आणि ज्याचा गट होता त्याला म्हटलं आज तुमच्याशिवाय भेळ होणार नाही, कांद्याशिवाय खायची का ठरवा. ठरलं.

एकत्र रांधून खाणं ही साधी गोष्ट नाही आपल्याकडे, निदान गावात नाही. कोण कुणाच्या हातचं खातं हे पोरांना न सांगता माहीत असतं. आमच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं, त्याचं १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची आणि एका पंगतीत जेवायची. शंभर वर्षं झाली त्याला. आणि तरी आमच्याकडे सुरुवातीला डब्याच्या वेळी मुलं वस्तीप्रमाणे बसलेली मी बघितली. बोलून काही होत नाही, उलट ज्याच्यावरून बोलता त्यालाच अवघडल्यासारखं होतं. महिन्याचे गट केले आणि एका मोठ्या पातेल्यात भेळ कालवली, दोन वर्षांत बसायची पद्धत हळूहळू मोडली. पूर्ण मोडली असं म्हणणार नाही.

खर्च साधारण चाळीस मुलांना साडेतीनशे ते चारशे रुपये, कांदा महाग असेल तर थोडा जास्त. मुलांकडून पैसे घेऊ नका, दहा रुपये म्हटलं तरी एखादं मूल "आज पोट दुखतंय" म्हणून घरी जातं आणि तुम्हाला कळतही नाही. आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून वर्षाचे सहा-सात हजार आधीच जमा करतो.

खाऊन झाल्यावर काही "ॲक्टिव्हिटी" घेऊ नका. कॅरम ठेवा, बुद्धिबळ ठेवा, जुनी मासिकं ठेवा आणि बाजूला व्हा. पहिले चार-पाच शनिवार मुलं अवघडून बसतील, मोबाईल काढतील, तुम्हाला वाटेल काहीतरी खेळ घ्यावा. थांबा थोडं. मोबाईल काढून घेण्याच्या मी विरोधात आहे, मुलींना घरून फोन येतात आणि नाही उचलला तर पुढच्या वेळी येऊ देत नाहीत. फक्त फोटो आणि स्टेटस नाही, हा नियम कडक. एका मुलीचा मुलाशेजारी बसून हसतानाचा फोटो स्टेटसला गेला होता, तिची शाळा सुटायची वेळ आली. मी आणि आमच्या एक मॅडम तीनदा घरी जाऊन आलो तेव्हा कुठे ती परत आली.

चिडवाचिडवी होणारच. दोघं जरा जास्त बोलले की जोडी लावतात. मी सगळ्यांसमोर रागावत नाही, ज्याने सुरू केलं त्याला बाजूला घेऊन विचारते की तिला सोमवारपासून इथे यायचं बंद झालं तर चालेल का तुला. बहुतेकांना एवढं पुरतं. आणि मुलं-मुली नुसतं बोलायला बसत नाहीत, त्यांना काम लागतं हातात, ते काम देत राहायचं.

घरचे आणि सुरक्षितता, यात ढिलाई नको

जूनमध्ये एक पालकसभा घ्या, संध्याकाळी सातला, शेतातली कामं उरकल्यावर. आयांना बोलवा. तारखा, सुटायची वेळ, कोणते शिक्षक थांबणार, सगळं कागदावर द्या. पहिल्या शनिवारी एखाद्या पालकालाच पाहुणा म्हणून बोलवा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

दोन मोठी माणसं कायम हजर, त्यातली एक बाई. पाहुणा कुठल्याही मुलासोबत एकटा नको, कितीही ओळखीचा असला तरी, आणि पाहुण्याने मुलांना किंवा मुलांनी पाहुण्याला स्वतःचा नंबर द्यायचा नाही, पुढे काही विचारायचं असेल तर शाळेमार्फत. शाळेतल्या सखी सावित्री समितीला (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असते ती) वर्षाचं वेळापत्रक देऊन ठेवा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आणि मनावरच्या ताणासाठी टेलि-मानसचा १४४१६, दोन्ही फुकट, व्हरांड्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. चिठ्ठीच्या डब्यात कधीतरी अशी चिठ्ठी येते की पोटात गोळा येतो. ती सगळ्यांसमोर वाचायची नाही, अक्षर ओळखायचा खेळ तर अजिबात नाही. आम्ही पुढच्या शनिवारी एवढंच म्हणतो की ज्याने निळ्या कागदावर लिहिलं त्याला माझ्याशी किंवा त्या दुसऱ्या मॅडमशी बोलता येईल, आम्ही लायब्ररीत चारपर्यंत आहोत. दोनदा अशी मुलं आली.

वर्ष कसं लावायचं

अकरावीचे प्रवेश लांबतात त्यामुळे जुलैच्या मध्याआधी सुरू करू नका. जुलै ते सप्टेंबर भरगच्च, गणपतीत सुट्टी, ऑक्टोबरात सहामाही परीक्षा म्हणून बंद, दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत परत. गॅदरिंगच्या तयारीत मुलं विखुरतात, तेव्हा पाहुणा न आणता नुसती भेळ ठेवा. जानेवारीपासून दहावी-बारावीला पूर्ण सोडा, प्रॅक्टिकल आणि बोर्ड डोक्यावर असतात. फेब्रुवारीत फक्त नववी-अकरावी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत तिथे एकदा घेऊन गेलो होतो, मुलं परत येताना गाडीत बोलतच नव्हती इतकी भारावली होती. पुण्याच्या जवळ असाल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होत आलीत, आणि मुंबईत टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेचं चाय अँड व्हाय आहे, तिथे शास्त्रज्ञ चहा पीत लोकांशी बोलतात, तुमच्या मोठ्या मुलांना एकदा न्या, पद्धत शिकण्यासारखी आहे. आमच्या मुलांचं सगळ्यात आवडतं मात्र भिलार. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरात पुस्तकं मांडलेली, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचायचं. तिथे आमची पोरं वाचायला गेली आणि त्या घरातल्या आजींशी गप्पा मारून आली, मला चालतं.

बारावी सायन्सची मुलं येत नाहीत ही सगळ्यांची तक्रार असते. शहरातल्या क्लासला टाकलेली, कॉलेजात फक्त नाव असलेली मुलं येणारच नाहीत, त्यांच्यामागे लागून दमू नका. जी येतात त्यांना घड्याळ सांभाळणं, ओळख करून देणं अशी जबाबदारी द्या. आमच्याकडे पहिल्या शनिवारी ६२ मुलं आली होती कारण सक्ती केली होती, दुसऱ्याला १९. सक्ती काढल्यावर पाचव्या शनिवारी ३५ झाली आणि तेव्हापासून साधारण चाळीसच्या आसपास आहेत. १९ वर आलात तर बंद करू नका, त्या १९ जणांना विचारा की पुढचा पाहुणा कोण हवा.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी बारावीची मुलं अकरावीला वही देतात. साधी दोनशे पानी वही आहे. कोण आलं होतं, किती मुलं होती, कुठला प्रश्न चांगला निघाला, काय फसलं, सगळं मुलांच्याच अक्षरात. तुम्ही सुरू केलंत तर पहिल्या दिवसापासून अशी वही ठेवा, मी दोन वर्षं उशिरा सुरू केली आणि भूमापक काकांच्या दिवसाचे प्रश्न त्यात नाहीत याची मला फार हळहळ वाटते. यंदाच्या बॅचने शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय की चिंच आदल्या दिवशी भिजत घाला, सकाळी घातली तर कोळ निघत नाही, आणि वायरमन दादांना परत बोलवा, नववीच्या मुलांनी त्यांना बघितलेलं नाही.